डायलटोन नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

मोडेम गेला. गेला म्हणजे कुठं गेलेला नाही, टेलिफोनच्या तारेवरून मेल आणणारं ते कार्ड काँप्युटरच्या पोटात जागच्या जागी आहे. पण काँप्युटरला तो दिसत नाही. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, तशातली गत.

भिंगरीनं जाताना बजावलं होतं, "बाबा, मी लिनक्स बसवून दिलंय, चाललंय तसं चालू द्या. नवीन काही घालायला जाऊ नका." (भिंगरी म्हणजे आमची लेक. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव. आता तिशीची झाली तरी तेच.) मासिकाबरोबर सीडी आली, तिच्यात नवा कर्नल होता. कर्नल म्हणजे या सगळ्या यंत्रणेचा गाभा. मी तो घातला. मोडेमचा ड्रायव्हर, म्हणजे काँप्युटरला मोडेमची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, जुन्या गाभ्याच्या मापानं शिवलेला, तो नव्याच्या अंगाला बसेना. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

ती परदेशी नोकरीला गेल्यापासून मला रोज एक मेल पाठवते. फोन आईला, मेल मला. का, तर म्हणे, "बाबा जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, पण फोनवर 'बरी आहेस ना' एवढं विचारतात आणि रिसीव्हर आईकडे देतात." खोटं नाही ते. मी लोकांची बोलणी जोडून दिली, स्वतः बोलायची सवय लागली नाही.

तिकडं मेल साचत असतील.

५ नोव्हेंबर, बुधवार

ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. म्हणजे कापड तेच, माप नवं घेऊन पुन्हा शिवायचं. तीनदा केलं. दर वेळी काळ्या पडद्यावर चुकांची वरात निघते आणि शेवटी 'थांबलो' म्हणून सांगते.

भिंगरीनं डेस्कटॉपवर एक फाइल ठेवली आहे, 'बाबांसाठी'. तिची पहिली ओळ: 'मशीन काय म्हणतंय ते आधी नीट वाचा. ते खोटं बोलत नाही. तुम्ही वाचायच्या आधीच दुरुस्त करायला धावता.'

दुपारी काँप्युटरवाला डोकावून गेला. कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं. म्हणाला, "काका, तो लिनक्सचा पेंग्विन हाकला बाहेर. नेहमीची सिस्टीम टाकून देतो, चहा होईपर्यंत मेल चालू."

ही आतून म्हणाली, "नको हो. पोरीनं बसवलंय ते."

"मग माझ्या दुकानात या. चार मशीन आहेत, बसा आणि मेल बघा."

मी नाही म्हटलं. मागं दोघं रांगेत उभे, शेजारचा मान वाकडी करतोय, आणि मी लेकीची पत्रं वाचायची? एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेला धडा आहे: जोडणी झाली की बोर्डावरची चावी वर करायची आणि कान काढून घ्यायचा. दोघांचं बोलणं तिसऱ्याचं नसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी बाजारात गेलो असताना भिंगरीचा फोन येऊन गेला. तिनं खोली बदलली आहे. "नवा नंबर मेलवर पाठवलाय म्हणे," ही म्हणाली.

"तू लिहून नाही घेतलास?"

"पेन सापडलं नाही."

फोनशेजारी दोऱ्यानं बांधलेलं पेन आहे, मीच बांधलेलं. पण हिचा चेहरा पाहून बोललो नाही. पोर लांब गेली की आईला चुकल्यासारखं होतंच. जेवताना भात तसाच ठेवून उठली. मी म्हटलं, "अगं, बाजारात जरा उशीर झाला म्हणून एवढा राग?" त्यावरही हसली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

ड्रायव्हर बसला! एका फाइलीत जुन्या कर्नलचा पत्ता राहून गेला होता. तो बदलला, कंपाइल केलं, मॉड्यूल चढवलं, आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. काम झालं की लिनक्स गप्प राहतं. आमच्या वडलांचाही स्वभाव असाच होता, मला त्याची सवय आहे.

हिला हाक मारली. "ये, लेकीची पत्रं येतायत."

ही दारात उभी राहिली. "आजच लावायला हवं का? उद्या लावा."

"एवढा घाम गाळला तो उद्यासाठी?"

पूर्वी ट्रंक कॉलच्या गिऱ्हाइकाला म्हणायचो, तसं जोरात म्हटलं, "लावतोय हं!" मोडेम जोडला गेला की किंकाळ्या मारतो, हिला ते सोसत नाही, ही मधलं दार लोटून आतल्या खोलीत गेली. मी बटण दाबलं. किंकाळी नाही, काही नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द: नो डायलटोन.

पुन्हा लावलं. नो डायलटोन. चारदा तेच.

म्हणजे ड्रायव्हर चढला, पण धड नाही. कार्डाला लाइनीवरचा टोन ऐकू येत नाही. बहिरा ड्रायव्हर शिवला मी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रोज कंपाइल करतो, रोज तेच दोन शब्द. 'टोनची वाट न बघता थेट नंबर फिरव' अशीही आज्ञा मोडेमला देता येते. ती दिली. तर म्हणतो, पलीकडून उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. मी 'लावतोय' म्हटलं की आतल्या फोनची घंटी किंचित किणकिणते. (आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या उशाशी हवा म्हणून मी आत जोडफोन ओढला होता, तो अजून आहे.) नवख्याला हे भुताटकीसारखं वाटेल. एकाच तारेवर दोन यंत्रं असली आणि एकानं लाइन धरली किंवा सोडली, की दुसऱ्याची घंटी जराशी हलते. मोडेम लाइन धरतो आहे याचाच तो पुरावा. म्हणजे कार्ड जिवंत आहे, दोष ड्रायव्हरमध्येच.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. एक्स्चेंजमधली यंत्रं काढून इलेक्ट्रॉनिक जादूची कपाटं आणली, तेव्हा आम्हाला हार घालून घरी पाठवलं. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, ठीक आहे, जग पुढं जातंय. आता घरातलं एक यंत्र मला जुमानत नाही आणि त्या यंत्राच्या पलीकडं माझी पोर आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भाजी निवडता निवडता हिनं विचारलं, "अहो, माणसाला एकच किडनी असली तर चालतं का?"

माझं लक्ष पडद्यावर. म्हटलं, "न चालायला काय झालं? आमचा रात्रपाळीचा वॉचमन एकीवर पेन्शनीला पोचला. देवानं स्टँडबाय लाइन दिलेली असते. एक गेली की दुसरी सगळा भार घेते."

"आणि दोन्ही गेल्या तर?"

"मग बाहेरून जोडणी घ्यावी लागते. का गं?"

"वाचलं कुठंतरी."

मग म्हणाली, "भिंगरी तान्ही असताना किती झोपायची नाही आठवतंय?" आठवतंय तर. मोठ्या मुश्किलीनं दुपारी डोळा लागायचा, आणि नेमका फोन वाजायचा. तेव्हा मीच हिला युक्ती शिकवली होती: रिसीव्हर उचलायचा आणि एक आकडा फिरवून बाजूला ठेवायचा. टोन जातो, आणि बाहेरून कुणी कितीही लावलं तरी घंटी वाजत नाही. पोर निवांत झोपायची.

काय काय आठवत बसते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ही सकाळी न खाता बाहेर पडली. परत आली ती दंडाला कापसाचा बोळा दाबून. रक्त तपासायला दिलं म्हणे. "अशक्तपणा वाटतोय."

"मला सांगायचं, मी आलो असतो."

"तुम्ही बसा तुमच्या ड्रायव्हरपाशी. दोघांपैकी एकानं तरी घरात धड राहायला हवं."

अशक्तपणाला पाच नळ्या रक्त कशाला घेतात कळत नाही. हल्ली दवाखान्यांनाही जास्तीची हौस. रिपोर्टला दिवस लागतील म्हणाली.

आज जुना कर्नल परत घातला, जुना ड्रायव्हर शोधून बसवला. ऑक्टोबरमध्ये चालत होतं अगदी तसंच सगळं केलं. "लावतोय हं!" घंटी किणकिणली. नो डायलटोन.

इथं मात्र माझी मती गुंग झाली. काल चालणारी गोष्ट, कालच्यासारखीच मांडली, तरी आज चालत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काँप्युटरवाल्याला बोलावलं. नाक मुठीत धरून. तो बाहेरून जोडायचा मोडेम घेऊन आला. डबीएवढी वस्तू, पुढं लाल दिवे. "काका, याला ड्रायव्हरची कटकटच नाही. लिनक्स काय, लोखंडी पेटीला लावा, चालतो."

त्यानं वायरी जोडल्या. मी सवयीनं म्हटलं, "लावतोय हं!" ही आत गेली. दिवे लुकलुकले.

नो डायलटोन.

तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, मग ड्रायव्हर नाही. तुमची लाइन बघा."

"कुठली लाइन?"

"टेलिफोनची. लाइनीतच काहीतरी आहे."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "बाबा रे, ही लाइन खांबापासून भिंतीपर्यंत मी स्वतः ओढली आहे. यातला एक सांधा तुझ्या जन्माआधीचा आहे आणि अजून गंज नाही." समोरच्या खोलीतला फोन उचलून त्याच्या कानाला लावला. "हे काय वाजतंय?"

"टोन," तो म्हणाला.

"स्वच्छ आहे की नाही?"

"स्वच्छ आहे. पण आत्ता आहे, मघाशी नव्हता."

"टोन काय फिरायला जातो मघाशी?"

त्यानं डबी उचलली. दारातून जाताना हिला म्हणाला, "काकू, काकांना सांगा, मशीन दोन-दोनदा एकच सांगतंय तर ऐकावं."

ही पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "कशाला बोललात त्याला? त्याचं काही चुकलं नव्हतं." माझी बाजू घेईल असं वाटलं होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाचनालय आज लवकर बंद झालं, म्हणून नेहमीपेक्षा आधी घरी आलो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. म्हटलं, ही झोपली असेल, तोवर टोन तपासू. समोरचा फोन उचलला तर लाइनीवर बोलणं चालू. दोन बायका. एक म्हणत होती, "रिपोर्ट येऊ दे. माझं जुळलं तर त्यांना यात ओढायचंच नाही." दुसरी रडत होती की हसत होती, कळायच्या आत मी फोन ठेवला. हातानंच ठेवला, डोक्याला विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही कुणाचं ऐकलं नाही, आता काय ऐकायचं.

क्रॉस कनेक्शन असावं. एक आवाज ओळखीचा वाटला. पण कानावर हेडफोन चढवून जन्म काढला की सगळेच आवाज ओळखीचे वाटतात.

मग ही बाहेर आली. डोळे लाल. झोप मोडली असेल. "कधी आलात?" म्हणाली. "आत्ताच," म्हटलं. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, "लाइनीवर कुणीतरी परकी बोलत होती." ती चहा टाकायला गेली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज काही केलं नाही. काँप्युटर सुरू केला, बंद केला. हिला म्हटलं, "हरलो बघ मी. उद्या त्या दुकानदाराला सांगतो, पेंग्विन हाकल."

"राहू द्या हो थोडे दिवस," ही म्हणाली. "तुमचं यंत्र बिघडलेलं आहे तोवर घरात बरं चाललंय."

बायकांचं काही कळत नाही. घरात काय बरं चाललंय? ही रात्रंदिवस गप्प, मी बहिऱ्या मोडेमपुढं बसलेला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ही रिपोर्ट आणायला गेली. आली आणि चप्पल न काढता खुर्चीत बसली. विचारलं, "अशक्तपणा निघाला का?" तर म्हणाली, "नाही. मी ठणठणीत आहे. काही उपयोगाचं नाही."

"ठणठणीत असणं उपयोगाचं नाही?"

"अहो, आज लावा ते."

"काय?"

"मोडेम. लावा. लागेल."

तिचं मन राखायला बसलो. नवा कर्नल, आठ तारखेला शिवलेला तोच ड्रायव्हर. "लावतोय हं," म्हटलं, हळूच. ही आत गेली नाही. माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. घंटी वाजली नाही. आणि एकदम त्या किंकाळ्या! लागला! मोडेम लागला! मी टेबलावर हात आपटला. काय चुकत होतं कुणास ठाऊक. कार्डाला ऊब मिळायला हवी असेल, किंवा आधीचं काही तरी डोक्यात धरून बसलं असेल. शेवटी माझाच ड्रायव्हर खरा ठरला.

मेल एकामागून एक उतरू लागले. महिनाभराचे. मी सगळ्यात जुना उघडला. खिडकीबाहेर बदामासारखं झाड आहे, खाली एक म्हातारा कुत्र्याशी भांडतो, कुत्रं जिंकतं. पाय सुजलेत, बुटांचा दोष असेल. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

ही म्हणाली, "शेवटचा उघडा."

"छट्. पिक्चर शेवटापासून बघतात का? तिनं रोज एक लिहिलाय, मी रोज एक वाचणार. उगीच हावरटासारखं नाही."

"अहो, उघडा ना."

"नव्या नंबराची घाई आहे होय तुला? येईल त्याच्या दिवशी."

किती दिवसांनी मी हसलो. ती नाही हसली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा मेल. ऑफिसातल्या जिन्यावर धाप लागते, 'म्हातारी झाले बाबा मी.' वा गं वा. ही पुन्हा शेवटच्या मेलच्या मागं लागली. चिडलोच. म्हटलं, "तुला एवढं माहीत आहे त्यात काय आहे ते, तर तूच सांग की."

ती म्हणाली, "मी सांगायचं नाही असं तिनं वचन घेतलंय."

मला वाटलं लग्नाचं असेल. मग तर मुळीच घाई करणार नाही. चवीचवीनं वाचेन. हिनं माळ्यावरची बॅग काढली आहे. कपाट आवरतेय म्हणाली.

१ डिसेंबर, सोमवार

चौथा मेल उघडणार होतो. हिनं माझ्या हातावर हात ठेवला. मोडेमची वायर ओढून काढली, समोरच्या फोनवर एक लांबलचक नंबर फिरवला, तोंडपाठ, आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"सांगणार नाही असं कबूल केलं होतं," म्हणाली. "लावून देणार नाही असं नव्हतं केलं."

पलीकडं घंटी गेली. कुणीतरी परक्या भाषेत बोललं, मग पावलं, मग भिंगरी. मी म्हणालो, "बरी आहेस ना?" आणि सवयीनं रिसीव्हर हिच्याकडं सरकवला.

हिनं घेतला नाही. "ठेवू नका," म्हणाली. "ऐका."

ऐकलं.

भिंगरी म्हणाली, "बाबा, शेवटचा वाचलात?" मी म्हणालो, तिसऱ्यावर आहे. ती हसली. आवाज दमलेला होता, मध्ये थांबत होती. म्हणाली, "मला वाटलं वाचून गप्प बसलात. रोज लिहीत होते, उत्तर नाही. म्हटलं, बाबांना झेपलं नाही." (मोडेम बिघडल्याचं हिनं तिला कळवलंच नव्हतं.) मग तिनं सगळं सांगितलं. जिना, धाप, सुजलेले पाय. दोन्ही लाइनी बंद पडत आल्या आहेत. आईचं जुळलं नाही. बाहेरून किडनी मिळायच्या रांगेत तिचा नंबर फार मागं आहे. तिनं त्या मेलमध्ये मला विचारलं होतं. आता विचारत नव्हती.

"माझं तपासूया," म्हणालो.

"बाबा, तुम्ही चौसष्ट वर्षांचे. साठच्या वरचं इथं सहसा घेत नाहीत."

"मग विचारलं का होतंस?"

"विचारावंसं वाटलं."

लाइन स्वच्छ होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

फोन ठेवला आणि आतल्या खोलीत गेलो. जोडफोन खिडकीपाशी, शेजारी हिची खुर्ची. घंटी मोडेमनं नाही, हिच्या हातानं किणकिणत होती ते कळलं. मशीन सरळ सांगत होतं, दुकानदारानं सांगितलं. मी ड्रायव्हर शिवत बसलो. ही दारात आली. म्हणाली, "वाटलं, माझंच जुळेल. मग तुम्हाला कळायचं कारणच नाही. तुम्ही आपले यंत्रापाशी बरे होतात."

पोर झोपावी म्हणून मीच शिकवलेलं होतं ते.

संध्याकाळी उरलेले सगळे मेल वाचून काढले. शेवटचा तीन ओळींचा आहे. तो इथं लिहीत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आलो. कागदावर वय लिहिल्यावर तिथल्या बाईनं मान वर करून पाहिलं. "काका, हे कशासाठी?" मी म्हटलं, "घ्या तर खरं." घेतलं.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. केव्हा निघायचं ते तिकडचे डॉक्टर सांगतील, तिचा फोन येईल. येईलच असं नाही.

मोडेमचं कार्ड काढून ठेवलं. दोन्ही रिसीव्हर जागेवर आहेत की नाहीत ते सारखं जाऊन पाहतो आहे. ही म्हणाली, "आहेत हो, मी आत्ताच बघून आले." तरी उठलो. आतला उचलून टोन ऐकला, लगेच ठेवला.

लाइन मोकळी आहे.